पाववाल्याचं चित्र

एकनाथ शेळकेला गाडीच्या ब्रेकमधलं सगळं कळायचं, चित्रातलं ओ की ठो कळायचं नाही. तरी १९८२ साली इथे अमेरिकेत, नोव्हाय गावात कुणीतरी घरातलं जुनं सामान विकायला मांडलेल्या गराज सेलमधून त्याने एक तैलचित्र उचलून आणलं. उतरतं शेत, ओढा, गवताच्या गंजी, एक वाकडं झाड. मागे फ्रेंचमध्ये काहीतरी खरडलेलं होतं. ऑफिसातल्या एका कॅनेडियन माणसाने वाचून सांगितलं की चित्रकार फ्रान्समधल्या खेड्यातला पाववाला होता. कुणाकडे न शिकता, भट्टी विझल्यावर चित्रं काढायचा.

"ते जाऊ दे यार," एकनाथ मला म्हणाला. "हे आमचं गाव आहे."

त्याचं भीमाकाठचं गाव धरणात गेलं तेव्हा तो इथे नोकरीत होता. गावाचा एकही फोटो त्याच्याकडे नव्हता. आता घरी येईल त्याला तो बोट लावून दाखवायचा: ही पांदीची पट्टी, हे बाभळीचं वावर, हा कडबा. मी म्हणायचो, "लेका, फ्रान्सवाले ज्वारी कधीपासून पेरायला लागले?" त्याची बायको पद्मिनी हसायची. तो मात्र एकाच गोष्टीने झुरायचा. चित्रात सगळं होतं, घर तेवढं सापडत नव्हतं. भिंग घेऊनसुद्धा शोधून झालं.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याची आई, गिरजाबाई, आल्या. एअरपोर्टवरून आणल्या आणल्या, तोंडसुद्धा धुऊ न देता त्याने त्यांना चित्रापुढे उभं केलं. म्हातारी नाही म्हणाली असती तर त्याचं गाव दुसऱ्यांदा बुडालं असतं.

गिरजाबाईंनी पदराने चष्मा पुसला. "ह्यो काय कडबा न्हाई. आन् बाभळीला अशी पानं कुठं असत्यात?"

एकनाथचा चेहरा उतरला. मला माझीच लाज वाटली. दोन वर्षं मीच त्याची टर उडवत होतो.

"पर सकाळचं असंच दिसायचं," त्या म्हणाल्या. "असाच उतार, असाच वढा."

"मग आपलं घर कुठंय, आई? मला सापडतच नाही."

"आरं, आपण ओट्यावर बसलोय न्हवं. हितनं घर कसं दिसंल?"

एकनाथ तिथेच, गालिच्यावर, आईच्या पायाशी मांडी घालून बसला आणि रडला. पद्मिनीने सगळ्यांचा चहा तिथेच आणला. मीही खाली बसलो. माझं गाव तर अजून जागेवर होतं. मीच बारा वर्षांत गेलो नव्हतो.