दिसणारा रफू

रफूवाल्या मावशींचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली, एक खिडकी आणि खिडकीला लागून एक खुर्ची. गिऱ्हाईक आलं की मावशी कपडा उजेडासमोर ताणून धरत आणि दोनांतलं एक बोलत. "होईल," नाहीतर "नाही होणार." त्यावर कुणाची मात्रा चालत नसे. पण एकदा हो म्हटलं, की त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा ओढून भोक असं बेमालूम भरत, की मालकालाही ते शोधून सापडू नये. बाहेरचा धागा त्यांनी चाळीस वर्षांत वापरला नव्हता. दिसला तर तो रफू कसला, ठिगळच ते, असं त्यांचं म्हणणं.

रविवारी मावशी ख्रिस्ती देवळात शेवटून दुसऱ्या बाकावर बसत. येशूच्या आठवणीने भाकर आणि प्याला घ्यायची, म्हणजे प्रभुभोजनाची वेळ आली, की भाकरीचं ताट त्यांच्यापुढून तसंच पुढे जाई आणि त्या मान खाली घालत. कुणी विचारलं तर गुडघ्यांवर ढकलत. जणू भाकर गुडघ्यांनीच घ्यायची होती!

खरं कारण जुनं होतं. मावशी बालगृहात वाढलेल्या. मूल घ्यायला जोडपी यायची, तेव्हा पोरींना वेण्या घालून ओळीत उभं करत. मावशी नऊ वेळा त्या ओळीत उभ्या राहिल्या. नऊही वेळा बघणाऱ्यांची नजर त्यांच्यावरून पुढच्या मुलीवर सरकली. पुढे तरुणपणी त्यांनी उपदेशात ऐकलं, की देवाने आपली माणसं जग घडण्याआधीच निवडून ठेवली आहेत. इतरांना त्याने धीर आला असेल. मावशींच्या डोळ्यांपुढे ती ओळच येऊन उभी राहिली. लग्न झालं, लेक झाली, नवरा देवाघरी गेला, पण ओळ जागची हलली नाही.

एकदा मनाचा हिय्या करून त्यांनी देवळाच्या पाळकांना विचारलं, त्या निवडलेल्यांत आपलं नाव नसेल तर?

"मावशी, ती यादी माझ्याकडे नाही," पाळक म्हणाले. "असती, तर आधी मी माझंच नाव शोधलं असतं. आपल्याला यादी वाचायला दिलेली नाही, प्रभूच्या मेजाशी या म्हटलंय."

मावशी बरं म्हणाल्या आणि घरी आल्या. पुढच्या रविवारी ताट पुन्हा तसंच पुढे गेलं.

अकरा वर्षं वाट पाहून लेक आणि जावयाने मूल दत्तक घ्यायचं ठरवलं, तेव्हा मावशींना आधी ती ओळच आठवली. आता माझीच लेक ओळीपुढून चालणार! निवडणार कशी, त्यांनी भीतभीत विचारलं. लेकीने सांगितलं, की हल्ली ओळीत कुणी उभं करत नाही. बालगृहातून फोन येईल. आम्ही हो म्हणून ठेवलंय.

"न बघताच?"

"बघून काय करायचंय, आई? ती आमचीच आहे. कोण आहे, तेवढंच कळायचं राहिलंय."

आणि खरंच, फोन यायच्या आधीच नाव ठरलं, खोलीला रंग लागला, जेवणाच्या टेबलाशी बुटकी खुर्ची आली.

फोन आला तसे तिघं गेले. मुलगी चार वर्षांची. डावा पाय बारीक होता, ओढत चालायची. तिथल्या बाईंनी समजुतीने सांगितलं, सक्ती नाही, काही महिने थांबलात तर दुसरी मिळेल. मावशींनी खुर्चीचा हात घट्ट धरला. नऊ वेळा सरकलेली नजर त्यांना पाठ होती.

जावई तसा मुखदुर्बळ माणूस. तो एवढंच म्हणाला, "दुसरी कशाला? आमची आली की."

निघताना मावशींनी व्हरांड्यात खेळणाऱ्या मुलांकडे वळून पाहिलं. ह्यांचं काय, देवा? तो प्रश्न त्या अजूनही रोज प्रार्थनेत ठेवतात.

मुलगी येताना एक लोकरीचं पांघरूण छातीशी धरून आली होती. आजी भोकं बुजवते असं कळल्यावर दुसऱ्याच दिवशी ती ते घेऊन दुकानात हजर. मावशींनी सवयीने खिडकीशी धरलं. लोकर कमी, उजेड जास्त. शिवणी कुजलेल्या, आतून काढायला धागाच नाही. 'नाही होणार' अगदी ओठांवर आलं.

मुलगी पांघरुणाकडे बघतच नव्हती, मावशींच्या तोंडाकडे बघत होती. ती नजर मावशींच्या ओळखीची होती.

"होईल," मावशी म्हणाल्या.

त्यांनी स्वतःच्या खांद्यावरची लाल शाल काढली आणि तिच्या काठातून धागा ओढला. आठ दिवस लागले. राखाडी पांघरुणावर लाल चौकोन लांबूनही दिसत होते. लेक बघून थक्क झाली. "आई, हा दिसतोय की!"

"दिसू दे."

मुलीने शालीचा उसवलेला काठ बोटाने चाचपला. "आजी, तुझी शाल गेली."

"गेली कुठे? तुझ्याकडे आली."

बोलून गेल्या आणि मावशींनी पांघरूण पुन्हा खिडकीशी धरलं. ह्या पांघरुणात घेण्यासारखं काही नव्हतं. ते त्या पोरीचं होतं, म्हणून घेतलं. आणि इतकी वर्षं आपण त्या नऊ जोडप्यांची नजर देवाच्या माथी मारून बसलो!

रविवारी शेवटून दुसऱ्या बाकावर पांघरुणासकट मुलगीही होती. आजी भाकर का घेत नाही, हे तिने घरीच विचारून घेतलं होतं आणि तिलाही गुडघ्यांचंच कारण मिळालं होतं. ताट आलं. मावशींची मान सवयीने खाली गेली, तेव्हा मांडीवर पसरलेले लाल चौकोन तेवढे दिसले. त्यांनी हात पुढे केला आणि भाकर घेतली.

"आजी, गुडघे बरे झाले?" मुलीने कानात विचारलं.

मावशींना हसू आवरेना. "झाले," त्या म्हणाल्या आणि प्याल्याची वाट बघत ताठ बसल्या.