मारोतीचा सेन्सर खोटा वाजत न्हाई

चोर पकडायचा धंदा काढला की चोर कमी आणि किस्सेच जास्त सापडतात! परभणीत आमचं अलार्मचं दुकान आहे. कंपाउंडला, गोदामाला, शेतातल्या घराला बाहेरून सेन्सर बसवायचे. कुणी आत शिरलं की अलार्म वाजला पाहिजे, एवढंच काम. पण संध्याकाळी बायको विचारते, "आज कोण घावलं?" आणि मी सुरू झालो की ताटातली भाकर वाळून जाते.

दुकान माझं, नाव मात्र मारोतीचं. मारोती आमचा मिस्तरी, मेंढरं राखणाऱ्या घरातला. हरवलेली मेंढी खुरांवरून हुडकण्यात त्याचं बालपण गेलं. अलार्म उगाच वाजतोय अशी तक्रार आली की दुसरे मिस्तरी स्क्रू खोलतात. मारोती उकिडवा बसून जमीन बघतो! मग छाती ठोकून सांगतो, "आपला सेन्सर खोटा वाजत न्हाई." या एका वाक्यावर आमचं दुकान चालतं. जिल्ह्यात असा दुसरा माणूस दाखवा, मी शटर ओढून घेतो!

*

पालमला एका कापडवाल्याच्या घरी मी समजावून सांगत होतो, "या दोन खांबांच्या मधी किरण असतो. दिसत नाही, पण दिवसरात्र उभा असतो. कुणी आडवं आलं की बोंब मारतो."

दुसऱ्या दिवशी उरलेलं काम करायला गेलो, तर खांबाशी झाकलेलं ताट. भाकरी, ठेचा, कांदा.

"काकू, हे कुणाला?"

"तुमच्या किरणला! कालपासून उभा हाय म्हनं. लेकराला पाणी तरी इचारलं का तुमी?"

मी खुलासा करायला तोंड उघडलं, तोवर मारोतीनं मांडी घातली होती. "काकू, किरण लय लाजरा हाय. त्याचं मी खातो!"

*

चारठाण्याचा एक शेतकरी तणतणत दुकानात आला. "रोज सकाळी वाजायलाय! मशीन खराब हाय तुमची."

मारोती गेला, बसला, जमीन बघितली. "मेंढी हाय. डाव्या पायानं लंगडी. आन गाभण."

"असं का? मग पिल्लं किती ते बी सांगा की!"

"दोन."

तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याची लंगडी मेंढी व्यायली. दोन पिल्लं! शेतकऱ्याचा फोन आला, "आवो, वळखलं कसं?"

मारोती शांतपणे म्हणाला, "सकाळी दोनदा वाजला न्हवता का?"

तिकडं आता म्हैस विकत घ्यायच्या आधी सेन्सरसमोरून फिरवतात. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा!

*

एका कापसाच्या गोदामावर मालकाचा मेव्हणा पैज लावून बसला. तालीमबाज गडी. "मी खालून सरपटत जातो, बघू कसा वाजतो ते!"

गेला. वाजला नाही! मालक, हमाल, सगळे हसायला लागले. माझा चेहरा पडला.

मारोतीनं मेव्हण्याची धूळ झटकली. "पावणं, कुत्र्याएवढं जनावर गेलं तर वाजायचं न्हाई, असाच बसवलाय ह्यो. आता तुमी माणूस हायत का जनावर, तेवढं सांगा. मग खाली घेतो!"

*

आणि हा झरीकडचा. दत्तरावांच्या शेतातल्या घरी रोज दुपारी दोनला सेन्सरचा मेसेज त्यांच्या मोबाइलवर जायचा. परभणीहून तासाभरानं धावत पोचावं, तर कुणी नाही. घरात एकटी म्हातारी आई. गुडघ्यांमुळं दिवाळीपासून खाटेवरून उठलेली नाही, असं दत्तरावच सांगायचे. पलीकडचं घर चुलतभावाचं. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून भांडण झालेलं, तीन वर्षं कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

त्या दिवशी आणखी पाच शेतकरी जमले होते. आमचा सेन्सर खरा निघाला तर पाचही जण बसवून घेणार, नाहीतर सगळा भाग हातचा जाणार!

मारोती धुऱ्यावरच्या बोरीपाशी बसला. मी त्याच्या खांद्यावरून वाकलो. धुळीत बारकी अनवाणी पावलं, बाजूला काठीची टोकं. घराकडून आलेली, पलीकडं गेलेली, आणि परत आलेली. पलीकडच्या ओट्यावर दत्तरावांची चुलती एकटीच पान कुटत होती. समोर चहाच्या दोन बशा.

"काय घावलं का?" दत्तराव लांबूनच ओरडले. "चुलत्याकडचं कोन येतंय न्हवं? नाव सांगा, आजच तंगडं मोडतो!"

मारोती उठला. उठता उठता पायानं धूळ सारखी केली.

"कुनी न्हाई, मालक. सेन्सर खोटा वाजला. चूक माझी."

पाच जणांनी एकमेकांकडं बघितलं. एक जण म्हणाला, "मंग ऱ्हाऊ द्या आमचं."

तेवढ्यात खाटेवरून म्हातारीचा आवाज आला, "ए लेकरा! बोरीपाशी मांजराला जायापुरती वाट सोड बाबा. म्हातारं मांजर हाय. गुडघे दुखतेत त्याचे!"