राजकन्येचं पत्र

सत्यशीलानं कादंबरी लिहायला घेतली तेव्हा आम्ही दोघी बारावीत होतो. साल १९८६. पिंपळगाव रेणुकाईहून सकाळच्या एसटीनं भोकरदनला कॉलेजला जायचं आणि दोनच्या गाडीनं परत. वाचनालय उघडायचं तीनला. त्यामुळे आमची पुस्तकं रामकिसन आणायचा. तो आमच्याच वर्गात होता. मेंढरं राखणाऱ्या घरातला, बोलायला कमी. प्रॅक्टिकलसाठी तो मागं थांबायचा आणि दुसऱ्या दिवशी गाडीत पुस्तक हातात द्यायचा. राजेराण्यांच्या प्रेमाच्या कादंबऱ्या असायच्या त्या. वाचून वाचून सत्यशीला म्हणाली, आता मीच लिहिते.

राजवाडा आम्ही कधी पाहिला नव्हता. तिच्या दरबाराला देवीच्या सभामंडपाचे खांब होते आणि तिची पट्टराणी थेट तिच्या काकूसारखी टोमणे मारायची. राजकन्येचा जीव जडला होता राजाचे हुकूम लिहिणाऱ्या लेखनिकावर. तिच्या घरात कापूस भरलेल्या खोलीत, ढिगावर बसून ती मला रोजचं प्रकरण वाचून दाखवायची. दिवाळीनंतर सुरू केलेल्या त्या कादंबरीच्या संक्रांतीपर्यंत तीन वह्या भरल्या. राजकन्या लेखनिकाला पत्र लिहिते ते प्रकरण तिनं आधी सुट्या कागदावर लिहिलं होतं. तोच कागद तिच्या थोरल्या भावाला, मच्छिंद्रला, सापडला.

कागदावर कुणाचंच नाव नव्हतं. 'उद्या आरती झाली की मागच्या पायऱ्यांशी थांबावं. वडिलांना कळलं तर दोघांचाही जीव जाईल.' एवढंच. अक्षर बहिणीचं आणि गावात देवीचं देऊळ. मच्छिंद्रनं तिला काही विचारलं नाही. तो आमच्या घरी आला. मी अंगणात तुरी पाखडत होते. त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "उषा, तुम्हाला पुस्तकं कोन आणून देतं?"

मी म्हणाले, "रामकिसन."

त्याच दिवशी मच्छिंद्रनं आणि त्याच्या चुलतभावांनी रामकिसनला नदीकडच्या रानात गाठलं. सालईच्या काठ्यांनी मारलं. कशासाठी ते मारताना त्याला कुणी सांगितलं नाही. त्याचा उजवा कान कायमचा गेला. त्याच्या घरच्यांनी फिर्याद दिली नाही. त्यांची मेंढरं याच लोकांच्या रानात बसायची.

इकडे सत्यशीलानं तिन्ही वह्या आणून वडिलांसमोर ठेवल्या. ते राजकन्येचं पत्र आहे, वाचून बघा, असं तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं. बद्रीनाथतात्यांना वाचता येत होतं. त्यांनी दहाबारा पानं वाचलीसुद्धा. मग चष्मा काढून म्हणाले, "हे सगळं तुला सुचलं कसं? केल्याबिगर कोनी असं लिहितं का?"

मला बोलावणं आलं. ती हे गोष्ट म्हणून लिहून राह्यली हे तुला ठाऊक होतं का, असं तात्यांनी विचारलं. माझा बाप शेजारी उभा होता. हो म्हटलं असतं तर माझंही कॉलेज गेलं असतं. मी म्हणाले, "न्हाई." सत्यशीला माझ्याकडे बघत राहिली, पण मला खोटं पाडण्यासाठी एक शब्दही बोलली नाही.

वह्या अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत गेल्या. महिन्याभरात तिचं लग्न तीर्थपुरीच्या एका बिजवराशी लावून दिलं. बारावीची परीक्षा तिनं दिली नाही. मी दिली आणि पास झाले. पुढं अंगणवाडीत लागले.

नवरा मारकुटा नव्हता. पण माहेराहून गोष्ट तिच्या आधी सासरी पोचली होती. तिच्या हातात पेन दिसला की सासू विचारायची, कोणाला लिहून राह्यली? तिची माहेरची खुशालीची कार्डंसुद्धा पुतण्या लिहायचा. पोरीच्या अभ्यासाला ती शेजारी बसायची, पण अक्षर काढून द्यायचं काम नवऱ्याकडे. हे तिनं मला नंतर सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, घरातली रीत सांगावी तसं.

१९९९ साली तात्या वारले. तेराव्याचं जेवण झाल्यावर भावकी ओसरीवर बसली होती. सत्यशीला पदर सावरून मधे आली आणि शांतपणे म्हणाली, "रामकिसनचा काही गुन्हा नव्हता. त्यानं मला कधी चिठ्ठी दिली न्हाई, मी त्याला दिली न्हाई. ती गोष्ट होती."

मच्छिंद्र म्हणाला की झालं गेलं, आता त्याचा काय उपयोग, आणि उठून गोठ्याकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात आली. जयवंताबाईकडे चल, म्हणाली. जयवंताबाई रामकिसनची आई. एकटीच राहायची, रामकिसन जालन्याला बियाण्याच्या गोदामात हमाली करायचा. आम्ही गेलो तेव्हा ती ज्वारी निवडत होती. सत्यशीलानं सगळं सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं.

"त्याला अजून वाटतं, नाव तूच घेतलं," ती म्हणाली. "मार चुकवायला घेतलं आसंल, म्हनतो."

सत्यशीला गप्प बसली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. बारा वर्षं ती तशीच गप्प होती, हे मला त्या क्षणी कळलं.

मी म्हणाले, "नाव मी घेतलं, मावशी. पुस्तकं कोन आणतं, एवढंच विचारलं होतं. आन् नंतर मला खरं ठाऊक असून मी न्हाई म्हनले."

जयवंताबाईचा हात सुपात थांबला. मग सत्यशीलाला म्हणाली, "तू बस. चहा ठेवते." मला बस म्हणाली नाही. मी उठून घरी आले.

दिवाळीला रामकिसन आला तेव्हा आईनं त्याला सांगितलं. हे शेजारणीकडून कळलं. त्या वेळी तो मला रस्त्यात दिसला. ओळख दिली नाही.

सत्यशीला वर्षातून एकदा माहेरी येते. एसटीतून उतरली की आधी जयवंताबाईकडे जाते, भावाच्या घरी नंतर. माझ्याकडेही येते. पोरीबाळींचं, पिकापाण्याचं बोलते. त्या प्रकरणाबद्दल तिनं मला आजवर एक शब्द विचारलेला नाही, आणि तिनं विचारावं म्हणून मी दर वर्षी वाट बघते.