संस्थेच्या जिवावर शंभरी

आपण जास्त जगलो तर ते कुणाला तरी महागात पडणार, या कल्पनेने इतका टवटवीत झालेला माणूस माझ्या मामेसासऱ्यांखेरीज अख्ख्या जर्मनीत दुसरा नसेल. गेर्लिंगेनच्या एका कंपनीतून ते इंजिनियर म्हणून निवृत्त झाले. मामी आधीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. मग एके दिवशी त्यांनी नोटारकडे, म्हणजे इथल्या नोटरीकडे, जाऊन उतारावरचं आपलं घर अंध मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या नावावर करून टाकलं. बदल्यात संस्थेने मामांना मरेपर्यंत दरमहा ठरलेली रक्कम द्यायची आणि शेवटपर्यंत त्याच घरात राहू द्यायचं. मामा याला पैज म्हणतात. "मी लवकर गेलो तर पोरं जिंकली, उशिरा गेलो तर मी. हरणारं कुणीच नाही."

पैज लागल्यापासून त्यांनी बस सोडली. चढ पायीच चढतात. बाहेर बर्फ पडत असला तरी सगळ्या खिडक्या सताड उघडून सूर्यनमस्कार घालतात, आणि तोवर पाहुणे कोट चढवून चहा पितात. पण माणूस मुळात भला. रक्ताचे रिपोर्ट चांगले आले की त्यांना संस्थेपुढे ओशाळल्यासारखं होतं. म्हणून तिथल्या बाई भेटायला आल्या की ते शाल पांघरून सोफ्यावर बसतात आणि अधूनमधून सभ्यपणे खोकतात.

"अहो मामा, सकाळीच तर टेकडी चढून आलात ना?" माझी बायको एकदा म्हणाली.

"अगं, त्यांनाही थोडी आशा नको का?"

गेल्या वाढदिवसाला त्या बाई केक घेऊन आल्या, तर मामांनी औक्षणाचं तबक त्यांच्याच हातात दिलं. निरांजन कसं फिरवायचं ते बायकोने दाखवलं. हे कशासाठी, असं बाईंनी विचारल्यावर मामा शांतपणे म्हणाले, "माझं आयुष्य वाढावं म्हणून." बाईंचा हात जागच्या जागी थांबला. "आल्झो, बरं तर, आमच्या हिशेबनिसाला हे कळू देऊ नका," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मामांना चांगलं सावकाश ओवाळलं.

सगळ्यात मोठ्याने मी हसलो, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. कारण पूर्वी अशाच एका वाढदिवसाला, 'शतायुषी व्हा' म्हणत मामांच्या पाया पडून उठल्यावर, मी बायकोच्या कानात पुटपुटलो होतो, "ही मधली भिंत नंतर पाडता येईल." ती मामांची एकुलती भाची, तेव्हा घर आमच्याकडेच येणार हे मी धरून चाललो होतो. मागे वळून पाहिलं तर मामा चहाचा ट्रे घेऊन उभे. "साखर किती, जावईबापू?" एवढंच त्यांनी विचारलं. काही महिन्यांनी घर संस्थेला गेलं आणि मी फुगून बसलो. किती रविवार कामाची सबब सांगून टाळले. हे सगळं मी आजवर बायकोशीही नीट बोललो नव्हतो.

तेवढ्यात मामा बशा घ्यायला स्वयंपाकघरात आले. म्हटलं, "मामा, ते भिंतीचं मी..."

"ती भार घेणारी भिंत आहे," ते म्हणाले. "पाडली असतीत तर वरचा मजला तुमच्या डोक्यात आला असता." मग बशा पुसता पुसता, "माझ्या मरणाची वाट बघायला मी बाहेरची माणसं नेमलीत. चांगली माणसं आहेत, करतील व्यवस्थित. घरच्यांनी आता नुसतं जेवायला यायचं."

तेव्हापासून आम्ही दर रविवारी जेवायला जातो. मामांच्या जाण्याने आता मला काही म्हणजे काही मिळायचं नाही. फक्त मामा नसतील. धास्ती घ्यायला तेवढं मला पुरतं. रविवारी सकाळी त्यांनी फोन उचलायला जरा उशीर केला, तर बायकोने दुसऱ्यांदा लावायच्या आत मी बूट घालून दारात उभा असतो.