दौलत परबांचं अर्थिंग

लालबागच्या मोरेश्वर चाळीत विजेचं काही बिघडलं की लोक दौलत परबांकडे धावत. गिरणी बंद पडल्यावर या माणसाने चाळीतल्या चाळीसही खोल्यांचं वायरिंग केलं आणि तेव्हापासून त्यांची मान जी ताठ झाली, ती झालीच.

तळमजल्यावरच्या विनीतने विजेची गाडी आणली, तेव्हा अंगणातलं सॉकेट, जाड वायर, वेगळा एमसीबी, सगळं परबांनीच बसवलं. मग ऐटीत चार्जर लावला. चार्जरच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकला. अर्थिंग नाही!

"डबा गंडलाय तुझा," परब भडकले. "अख्ख्या चाळीचं अर्थिंग मी स्वतः नळाच्या पाइपला बांधलंय."

त्या काळी तशीच पद्धत होती. लोखंडी पाइप जमिनीत जायचा आणि गळलेली वीज मातीत जिरायची. तार धरून परब मोरीमागे गेले. तार जागेवर होती, पाइपही होता. पण वीतभर खाली प्लास्टिक सुरू झालं होतं. सहा वर्षांपूर्वी नळ बदलले होते.

परबांनी वर खोल्यांकडे पाहिलं. सहा वर्षं सगळी चाळ गिझर लावून आंघोळी करत होती! आणि हा टिफिनएवढा डबा! चाळीत आज पहिल्यांदा आलेला, पण क्षणात जमिनीखालचं ओळखून बसला. जिवाला धोका दिसताच वीज घ्यायलाच तयार नाही. ज्याने हा बनवला त्याच्या पाया पडावं, असं परबांना मनापासून वाटलं.

"काका, गॅरेजवाला बोलला, अर्थची तार न्यूट्रलच्या तारेला जोडा. दिवा लगेच हिरवा होतो," विनीत म्हणाला.

"दिव्याला फसवशील रे. तुझी पोरगी श्रेया गाडीला हात लावते, गाडीत करंट उतरला तर तिचं काय?"

नव्या अर्थिंगचा खड्डा व्हायला दोन दिवस लागणार होते. घरी शेवंतीबाईंनी नवऱ्याला बजावलं, "गुपचूप करून घेवा. लोकांका सांगलास तर इतक्या वर्षांचा नाव जायत."

परबांनी चप्पल घातली आणि पहिल्या खोलीचं दार वाजवलं. रुपालीने उघडलं.

"दोन दिवस गिझर लावू नकोस, पोरी. माझं अर्थिंग तुटलंय. नळ बदलले तेव्हा मी बघायला हवं होतं, बघितलं नाही."

"अहो काका, ग्रुपवर टाकायचं ना! एवढे जिने कशाला चढणार?"

"माझ्या भरवशावर नाहत होता तुम्ही," परब म्हणाले आणि शेजारच्या दाराकडे वळले.