टाळ्यांच्या मध्ये कापलेलं संगीत

रमजानच्या आधीचा शेवटचा शुक्रवार, सकाळी अकरा. सौदीतल्या जिझानच्या आमच्या क्वार्टरमध्ये हजर: मी, उशा लावून खुर्चीत बसवलेले हे, दहावीतली मुलगी, आणि यांची वाचा परत यावी म्हणून आठवड्यातून दोनदा येणाऱ्या केरळच्या सिस्टर.

पक्षाघाताला चार महिने झाले होते. उजवा हात थोडा हलायचा. शब्द एकही नाही. सिस्टर म्हणाल्या होत्या, "भाभीजी, बोल नहीं पाते, पर कई बार गा लेते हैं. जो सुनते थे वही लगाइए, जैसे सुनते थे वैसे ही."

हे ऐकायचे साठच्या दशकाच्या सुरुवातीचं लंडन. त्यांचा इंग्रज साहेब निवृत्त होताना अठरा कॅसेट देऊन गेला होता. तळघरातल्या क्लबांमधलं रेकॉर्डिंग: ब्लूज गाणारा, माउथऑर्गन, आणि मागे जॅझवाल्यांचा सॅक्सोफोन. एक संपून टाळ्या पडत असतानाच हे पुढचं गुणगुणायला लागायचे.

थुवालहून इथे बदली झाली तेव्हा सामान कमी करायचं होतं. मी सगळं कॉम्प्युटरवर घेतलं, टाळ्यांच्या मध्येच एकेक तुकडा कापला आणि दोन फोल्डर केले. सॅक्सोफोन जास्त तर जॅझ, गाणं जास्त तर ब्लूज. कॅसेट टाकून दिल्या.

"अगं, खिचडी शिजल्यावर डाळ-तांदूळ निवडायला बसलीस," हे हसून म्हणाले. त्यानंतर मात्र ते संगीत त्यांनी कधी लावलं नाही. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

त्या शुक्रवारी ब्लूजचा फोल्डर लावला. यांची बोटं हलू लागली. तुकडा संपला, टाळ्या पडल्या, यांचे ओठ उघडले. घशातून आवाज आला, बारीक, पण सुरात. तेवढ्यात टाळ्या तुटल्या आणि भलतंच काही सुरू झालं. ओठ मिटले.

मी मागे नेऊन चार वेळा लावलं. काही नाही.

"आई, बस ना. ही इज टायर्ड," मुलगी म्हणाली.

"अहो, यानंतर कोणतं? नुसतं बोट ठेवा." मी यादी धरली. त्यांनी तोंड फिरवलं.

कॅसेटवरचा मूळ क्रम मी कुठे लिहून ठेवला नव्हता; तो फक्त यांनाच माहीत. साहेबाचा नंबर बंद आहे. पुढच्या महिन्यात इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपतो, मग फायनल एक्झिट, कायमचं भारतात, आणि सिस्टरही सुटल्या.

रोज सकाळी मी टाळ्यांची तुटलेली टोकं एकमेकांना लावून ऐकते. सगळ्या टाळ्या सारख्याच वाटतात. वहीत तुकड्यांची नावं लिहून झाली आहेत. 'यानंतर कोणतं' हा रकाना भरायचा आहे.