दादा चालू ठेवून गेला ते…

लाइट गेली अन् मले काही सुचलंच नाई. एका काखेत माही तान्ही गुड्डी, दुसऱ्या हातावर दादाचा लॅपटॉप, उघडाच, परातीसारखा आडवा धरलेला, अन् मी भर दुपारी सौंसरच्या रस्त्यानं धावून राहिली. झाकण लावायचं नाई, दादानं सांगितलं होतं, लावलं की ते झोपते. मांगून आई वरडे, "अवो माय, पोरीच्या डोक्याले ऊन लागंन!" बॅटरी त्याची कधीचीच गेलेली, वायर काढली की घटकाभराचा जीव. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या काकांकडं इन्व्हर्टर हाये. पोचली, काउंटरवर ठेवला, काकांनी गोळ्यांचे डबे सारले, म्हणे, "दे पोरी, पिन दे इकडं"… अन् तवा ध्यानात आलं. चार्जर घरीच राहिला. भिंतीले तसाच लटकलेला. इकडं स्क्रीनच्या कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह लाल झालं होतं.

दादा म्हणजे माहा मोठा भाऊ, प्रफुल. त्याची तेरवी होऊन कितीतरी हप्ते झाले. मी गुड्डीच्या बाळंतपणाले माहेरी आली अन् इथंच राहिली, कारण तो लॅपटॉप. दादा गेला त्या दिवसापासून त्यानं लावलेलं एक काम त्याच्यात चालूच होतं, अन् मी ते बंद पडू दिलं नाई.

काय काम होतं, हे आमच्या घरात कोणालेच धड कळे नाई. दिवसा तो कंपनीचं करे, घरूनच. ते झालं की त्याचं हे सुरू. कॉम्प्युटरची एक भाषा, निव्वळ चिन्हांची. कीबोर्डच्या बटनांवर त्यानं पांढऱ्या पट्ट्या चिकटवून पेनानं ते चिन्हं काढलेले, शेजारची मावशी म्हणे, "जंतर-मंतर शिकून राहिला का पोट्टा?" ती भाषा वाचून मशीनकडून काम करून घेणारा जो प्रोग्राम असते, इंटरप्रिटर म्हणतात त्याले, तो दादा अन् दुनियाभरचे चार लोक मिळून वाढवून राहिले होते. फुकट. कोणीही घ्या, कोणीही वापरा. आई चिडे. "बागेतले संत्रे वाटते का रे कोणी असे फुकट?" दादा म्हणे, "आई, संत्रं वाटलं तं संपते. हे वाटलं तं वाढते." आई म्हणे, "मंग तुहं पोट का नाई वाढून राहिलं?"

मी दहावीतच बसली घरी. पण मले तो समजावून सांगे, अन् मले समजे. तोडीच्या दिवसांत बागेत कॅरेट लागलेले असत, ते प्लास्टिकचे खोके, संत्र्यानं भरलेले. दादा म्हणे, "छोटे, बाकीच्या भाषा एकेक संत्रं उचलतात अन् पुसतात. आमची भाषा म्हणते, कॅरेट, पूस. झालं." मंग त्याच्या डोक्यात आलं की कॅरेटात कॅरेट, त्याच्यात आणखी लहान कॅरेट, कोणतं भरलेलं, कोणतं अर्धं, असं असलं तरी एका झटक्यात झालं पाह्यजे. त्या इंटरप्रिटरमंधी ते नव्हतं. ते बसवाले त्यानं वर्षाच्यावर घातलं असंन. सगळं झालं, रिकाम्या कॅरेटापाशी अडलं. एक दिवस बागेत मले विचारते, "हे रिकामं कॅरेट, कायचं हाये सांग." मी म्हटलं, "कायचंच नाई. रिकामं हाये." "वास घे." घेतला. संत्र्याचा. "तेच तं! रिकामं असलं तरी ते संत्र्याचंच हाये, कांद्याचं नाई. मशीनले हेच शिकवून राहिलो, रिकामं झालं तरी काय होतं ते इसरायचं नाई." मी हसली. म्हटलं, "मशीनले शिकव, मंग यायलेही शिकव, बाजारात पाठवलं की पिशवीच इसरतात." म्हणजे माहे मिस्टर.

छातीत जळते म्हणे तो. गॅसची गोळी घे अन् बस पुन्हा. मी म्हटलं डॉक्टरले दाखव, आईनंही म्हटलं, पण "एवढं होऊ दे, झालंच", हे त्याचं एकच. आता राग येते मले त्याचा. खूप राग येते. कायचं एवढं होऊ दे? सकाळी घाम सुटला, गाडी बोलावली, नागपूरले नेऊन राहिले होते, अन् गाडीत बसता बसता मले म्हणे, "छोटे, टेस्ट लावली हाये. ते चालू राहू देजो. आलो की पाह्यतो." दवाखान्यापर्यंत पोचलाच नाई…

अन् ते चालू राहिलं. त्याच्या खोलीत टेबलावर घूं घूं पंखा वाजे त्याचा, दिवसभर. मी गुड्डीले तिथंच निजवू. दादा काम करून राहिला असंच वाटे. लाइट जाये तवा जीव टांगलेला, पण दरवेळेस लवकर येऊन जाये. त्या दुपारी आलीच नाई. पांढुर्ण्याहून यांचा फोन, "मशीनची राखण कराले राहिली का तू तिथी? घरी कवा येतं?" अन् केरळातून जोसेफभाऊचा, तो दादासंगं त्या इंटरप्रिटरवर काम करे. "दीदी, इतने दिन नहीं लगते. अटक गया है. कंट्रोल और सी दबा दो, कहाँ अटका है वो बता देगा, बाकी हम पूरा कर लेंगे. ऐसे ही बंद पड़ गया तो कुछ पता नहीं चलेगा." मी म्हणू, "दादाने बोला है, चालू रखना." कोणाले सांगू? दादानं असं सांगितलं, त्याचा दोस्त तसं सांगते, अन् मले तं त्यातलं एक अक्षर लागत नाई.

तं मेडिकलच्या काउंटरवरून मी जोसेफभाऊले फोन लावला. गुड्डी रडून राहिलेली, काका म्हणे, "मी जातो, चार्जर आणतो," पण ते म्हातारे, पोचतील कवा अन् येतील कवा? जोसेफभाऊ ओरडे, "दीदी, दबाओ! अभी!" माहे बोटं त्या दोन बटनांवर. पट्टीवरची शाई पुसत आलेली, दादाच्या बोटानं.

दाबलं.

पंखा थांबला. एक ओळ आली चिन्हांची. फोटो काढून पाठवला, तेवढ्यात स्क्रीन काळी झाली. जोसेफभाऊनं ती ओळ वाचली. मंग म्हणे, "खाली डिब्बे पे अटका है, दीदी. उसके अंदर क्या था, ढूँढ रहा है. उसमें फिर खाली, उसमें फिर खाली… ये कभी रुकता ही नहीं."

आता जोसेफभाऊनं अन् बाकीच्यांनी ते नीट केलं. चालते म्हणतात. त्या कामाले दादाचं नाव लावलं हाये. सगळे म्हणतात, छोटीनं बरोबर केलं. लॅपटॉप टेबलावर हाये, लावला की कर्सर येते, डावीकडं थोडी जागा सोडून, लुकलुकत बसते. पंखा वाजत नाई. त्या खोलीत गुड्डी झोपत नाई आता. काल आई म्हणे, "रिकामीच तं हाये खोली, कांदे भरून ठेवू." मी इतकी वरडली आईवर, की शेजारची मावशी बाहेर आली.

ते कधीच थांबणार नव्हतं. मी दाबलं नसतं, चार्जर संगं घेतला असता, तं आजही चालूच असतं, घूं घूं… मले सांगा, तुमच्या हातात असता तो लॅपटॉप, तुम्ही काय केलं असतं?